दबोराचा झगा

आमच्या जाऊबाईंच्या तोंडी 'स्वस्तात' हा शब्द आला की मी मनातल्या मनात कपाळाला हात लावते. त्याचा अर्थ एकच असतो. काम मी करायचं, कौतुक त्यांचं व्हायचं.

या माझ्या थोरल्या जाऊबाई. अख्खी मंडळी त्यांना मोठ्या बाई म्हणते. चर्चमधला मुलांचा वार्षिक कार्यक्रम पंधरा वर्षं त्याच बघतात आणि पंधरा वर्षं त्यातले कपडे मी शिवते. सासऱ्यांचं शिवणाचं दुकान माझ्याकडे आलं, मोठेपण त्यांच्याकडे गेलं. वाटणी काही वाईट झाली नाही. मला कात्री धरता येते, त्यांना माणसं कात्रीत धरता येतात.

यंदा संडे स्कूलच्या सरांनी दबोराचं नाटक लिहिलं होतं. दबोरा म्हणजे बायबलच्या जुन्या करारातली न्यायाधीश बाई. खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे तंटे सोडवायची. शत्रू लोखंडी रथ घेऊन चालून आला तेव्हा तिने बाराक नावाच्या सेनापतीला बोलावलं आणि सांगितलं, ऊठ, लढायला जा. तो गडी म्हणाला, तू बरोबर आलीस तर जातो, नाहीतर नाही. मला ही बाई फार आवडते. एवढ्या मोठ्या फौजेत कणा असलेलं माणूस एकच, आणि ती बाई.

दबोराचं काम बेकरीवाल्याच्या मुलीला मिळालं होतं. पोरगी अकरा वर्षांची. आवाज असा, की ती वचन वाचायला उभी राहिली तर शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारे म्हातारे ताठ बसतात. माईक लागत नाही. मुलं तिला भोंगा म्हणतात आणि ती त्या नावाला खुशाल ओ देते. अंगाने भरलेली आहे. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

कार्यक्रमाला दीड महिना असताना जाऊबाई दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "हे बघ, यंदा सगळं एकदाच करून टाकू. हॉलचे जुने पडदे निघालेत ना खिडक्यांचे, त्यातून तेवीस झगे काढ. सगळे एका मापाचे. कार्यक्रम झाला की पेटीत भरून ठेवायचे, दर वर्षी तेच. डोक्याला टॉवेल बांधला की मेंढपाळ, मुकुट घातला की राजा. स्वस्तात काम!"

खोटं कशाला बोलू, मला कल्पना आवडली. पडद्याचं कापड जाड, सुती, मातकट रंगाचं. जुन्या काळच्या लोकांच्या अंगावर असंच काहीतरी असेल असं वाटायला लावणारं. तीन वेळा धुतलं तेव्हा कुठे त्यातली धूळ गेली. मग मी हिशोबाला बसले आणि मला चेवच चढला. कापड दुमडायचं, घडीवर गळा काढायचा, दोन्ही बगलांखालचे कोपरे उडवायचे, की झाला झगा. खांद्याला शिवण नाही, बाह्या वेगळ्या नाहीत. उडवलेल्या कोपऱ्यांच्या पिशव्या, काठाच्या पट्ट्यांचे कमरपट्टे. आठ-आठ घड्या एकावर एक ठेवून मोठ्या कात्रीने सपासप कापत गेले. टेबलाखाली चिंधी पडली ती मुठीत मावेल एवढीच. दाढ्यांसाठी गोणपाट उसवलं, अंड्यांचे ट्रे चंदेरी रंगवून शत्रूची चिलखतं केली, पुठ्ठ्याची चाकं लावून दोन रथ उभे केले. बाकीचे रथ मागून येतायत असं समजायचं, असं सर म्हणाले.

आणि या सगळ्या हुशारीत मी एक गोष्ट केली नाही. मुलांची मापं घेतली नाहीत. सरांकडून यादी मागवली, त्यात नावं आणि वयं होती. आठ ते बारा. म्हटलं, दहा वर्षांच्या मुलाचं माप धरू, वर थोडं सैल ठेवू, सगळ्यांना होईल. तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरणाऱ्या बाईने वयावर कात्री चालवली! वर कापड वाचवायच्या नादात मायासुद्धा ठेवली नाही. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, उद्या उसवून मोठं करायला, त्याला आम्ही माया म्हणतो. ती मी बोटभरही ठेवली नव्हती.

दोन आठवडे आधीच्या शनिवारी सकाळी हॉलमध्ये झगे घालून बघायचं ठरलं. बावीस झगे बसले. कुणाला घोट्यापर्यंत, कुणाला गुडघ्यापर्यंत, पण बसले. तेविसावा बेकरीवाल्याच्या मुलीने डोक्यातून घातला आणि तो तिच्या खांद्यांवर अडकला. दोन्ही हात वर, तोंड झग्यात, अशी ती सगळ्यांच्या मध्ये उभी. मी धावत गेले, हलक्या हाताने खाली ओढायला लागले आणि बगलेतली शिवण फाटली. टर्रकन आवाज झाला. मुलं, त्यांना घेऊन आलेल्या आया, आख्खा हॉल हसला. झग्यातून डोकं बाहेर आलं तेव्हा तीही हसत होती. पण सगळ्यांच्या आधी तीच थांबली.

"बेकरीवाल्यांची आहे ना," जाऊबाई म्हणाल्या. हळू आवाजात म्हणाल्या असं त्यांना वाटलं असावं. "घरचंच सगळं, मोजायचं कोणी?"

मग त्या टाळी वाजवून पुढे आल्या. "हे बघा, अडचण काही नाही. आवाज तिचा छान आहे, तो वाया घालवायचा नाही. ती बाजूच्या पडद्यामागे उभी राहून बोलेल. पुढे माझी नात उभी राहील, नुसते ओठ हलवेल. झगा तिला अगदी मापात बसतो."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. सरांकडे बघितलं तर सर हातातल्या कागदात असं काही शोधत होते की जणू उत्तर तिथेच छापलंय.

"झगा बसत नाही म्हणून पोर बदलायची?" मी म्हटलं. "जाऊबाई, उलटं असतं ते. तीस वर्षं मी झगेच बदलत आलेय."

"कापड संपलंय."

"कापड कमी पडलं म्हणून पोरीला कापणार? माझ्या दुकानात कपाटभर कापड पडलंय. मी देते."

"तू देशील गं. पण एकीला वेगळा झगा दिला की बाकी बावीस आया उद्या माझ्या दारात. आमच्या बाळाला का नाही? सगळ्यांना सारखं म्हणजे सारखं. तूच शिवलेत ना हे, एका मापाचे?"

मग मी मुलीकडे वळले. म्हटलं ती तरी पाय आपटेल, रडेल, काहीतरी करेल. ती फाटलेली शिवण बोटांनी जुळवत होती.

"चालेल मला," ती म्हणाली.

जी पोर बोलली की म्हातारे जागे होतात, ती इतकं हळू बोलली की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाऊबाईंवर झाला, सरांवर झाला, हसणाऱ्या आयांवर झाला. स्वतःवर व्हायला अजून थोडा वेळ होता.

तशीच आमच्या चर्चच्या पाळकांकडे गेले. पाळक सज्जन माणूस. इतका सज्जन की कुठल्याच बाजूचा नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, दोनदा डोळे मिटले, आणि म्हणाले, "तुम्ही दोघी घरच्याच. घरातच मिटवलंत तर बरं." म्हणजे नळ त्यांच्या अंगणात फुटलाय आणि बादली मी माझ्या घरात शोधायची.

मग संध्याकाळी बेकरीत गेले. मुलीची आई गल्ल्यावर होती. चारचौघांत बोलायला नको म्हणून गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि मग सुरू झाले. अगं, तुझ्या मुलीला पडद्यामागे घालतायत, तू गप्प कशी बसलीस, उद्या जाऊन भांड, मी आहे तुझ्यामागे.

ती काउंटर पुसत राहिली. "वाद नको ताई. काढलं तर नाही ना तिला? आवाज तिचाच असणार आहे. मी सांगितलंय तिला तसं."

"तू सांगितलंस? आई ना तू तिची?"

तेव्हा तिने फडकं खाली ठेवलं. "हो, आई आहे. शाळेत स्नेहसंमेलनाला तिला मागच्या रांगेत उभं करतात, तेव्हाही मीच असते. खेळात तिला स्कोअर लिहायला बसवतात, तेव्हाही मीच. दर वेळी भांडून बघितलं, तर दर वेळी अख्ख्या वर्गाला कळतं की हिची आई का भांडली. आणि ताई, तुम्ही कुणाला विचारताय? झगा कुणी शिवला? माझ्या मुलीचं माप घ्यायला तुमचा हात कुणी धरला होता?"

मी पावाची लादी घेतली आणि बाहेर पडले. रस्ताभर माझी मीच स्वतःला शिव्या घालत होते. जाऊबाई जे बोलल्या ते वाईटच होतं. पण ते बोलायची संधी त्यांना माझ्या कात्रीने दिली होती. मी तेवीस पोरांना एक माप लावलं आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली की बघा, चिंधी मुठीत मावते. कसली डोंबलाची हुशारी!

कार्यक्रमाच्या आठवड्यात बुधवारी तालीम होती. मी दाढ्यांना इलास्टिक लावायच्या निमित्ताने जाऊन बसले. खजुरीच्या पुठ्ठ्याच्या झाडाखाली जाऊबाईंची नात झगा घालून बसली होती. बिचारीचे ओठ कधी आवाजाच्या पुढे, कधी मागे. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं चाललं होतं. बाराक झालेला मुलगा तर पार गोंधळला. समोर एक दबोरा, आवाज डावीकडून. शेवटी तो नातीकडे पाठ करून पडद्यालाच म्हणाला, "तू बरोबर आलीस तर मी जातो!" सगळे हसले. सर म्हणाले, "इकडे बघून बोल रे." तो म्हणाला, "पण सर, ती तिकडे आहे ना."

मी उठले आणि बाजूने आत गेले. पडद्यामागे अंधारात ती उभी होती. हातात कागद नव्हता, सगळं पाठ. पडद्याकडे तोंड करून ती नुसती बोलत नव्हती, सगळं करत होती. तंटा सोडवताना मान हलवत होती. बाराकला बोलावताना एक पाऊल पुढे टाकत होती. 'ऊठ' म्हणताना तिने हात असा वर नेला की बोटं पडद्याला लागली आणि मखमल हलली. कोणी बघत नसताना, कोणी बघणार नाही हे माहीत असताना, ती पोर मखमलीसमोर अख्खी दबोरा करत होती.

मला रडू आलं. आणि रडू आवरल्यावर जो राग आला, तसा राग मला नवऱ्याशी भांडतानाही कधी आला नव्हता.

आता त्या पडद्याविषयी सांगायला हवं. गडद लाल मखमल, भारी कापड. रंगमंचाच्या डाव्या बाजूचा तो पडदा जाऊबाईंनी सासऱ्यांच्या स्मरणार्थ चर्चला दिला होता. तसं त्याच्या खालच्या कोपऱ्यात सोनेरी दोऱ्याने लिहिलंय. भरतकाम अर्थात माझं. सासरे म्हणजे दोन खुर्च्यांचे गृहस्थ. पहिल्या बाकावर बसले की बाकाचं दुसरं टोक वर येईल अशी भीती वाटायची. उपासनेत ते बेसूर आणि मोठ्याने गायचे आणि त्यांना मागे बसा असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्या नावाच्या पडद्यामागे ही पोर लपवायची!

तालमीत मुलांच्या पायाखाली येऊन त्या पडद्याची खालची शिवण उसवली. निघताना जाऊबाईंनी स्वतःच तो काढवला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "एवढं खालून दुमडून दे. शनिवारी कार्यक्रमाआधी लावायला हवा."

"देते की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला टेप घेऊन बेकरीत गेले. आईने माझ्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं, आणि आतल्या खोलीचं दार उघडून दिलं. आत मैद्याची पोती रचलेली होती आणि भट्टीची ऊब होती. मुलगी दप्तर टाकून उभी राहिली. मी टेप काढला तशी तिने श्वास आत ओढून धरला.

"शिवणमावशी, टेप पुरेल ना?" तिने विचारलं.

"हा टेप मी खुर्च्यांच्या खोळींनाही वापरते, सोफ्यांनाही वापरते. तुझं काय घेऊन बसलीस? श्वास सोड आधी."

"असंच घ्या ना."

"पोट आत घेतलेलं माप मला चालत नाही. स्टेजवर बोलायचंय तुला. श्वास काय पिशवीत घेऊन जाणार आहेस? सोड."

तिने सोडला. मी मापं घेतली. छाती, कंबर, खांदा, दंड, पाठीची उंची, हात वर केल्यावर बगलेपासून किती लागतं तेही. दुकानात घेते तसा एकेक आकडा मोठ्याने म्हणून वहीत लिहिला. पहिल्या आकड्याला तिने दाराकडे पाहिलं, आई ऐकतेय का म्हणून. चौथ्या-पाचव्या आकड्यापर्यंत तिला कंटाळा आला होता आणि ती पायाने पोतं ढकलत होती. लाजण्याऐवजी कंटाळली म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन दुकानाचं दार लावून घेतलं. टेबलावर पडदा पसरला आणि कात्री उचलली. मखमलीला चूक चालत नाही. तिची लव एकाच दिशेने ठेवावी लागते, नाहीतर एक बाजू लाल आणि दुसरी जांभळट दिसते. उलट्या बाजूने खडूने आखलं, एकेरी कापलं, घाई केली नाही. बाह्या रुंद, वेगळ्या जोडलेल्या, म्हणजे हात कितीही वर नेला तरी ओढ बसणार नाही. गळ्याला सोनेरी काठ, कमरेला सोनेरी पट्टा. आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया. नवरा डोकावून गेला, टेबलाकडे बघितलं, म्हणाला, "हा तो पडदा आहे का?" मी म्हटलं, "होता." त्याने चहा टाकला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्याला त्याच्या वहिनीही माहीत आहेत आणि मीही.

शनिवारी हॉल भरला. आत मुलं झगे चढवत होती, दाढ्या खाजवत होती, एका सैनिकाच्या छातीवरचा अंड्याचा ट्रे आधीच फाटला होता. मी पिशवीतून झगा काढून बेकरीवाल्याच्या मुलीच्या अंगावर घातला. डोक्यातून सरळ खाली आला, कुठे अडला नाही. तिने हात वर करून बघितले. दोनदा करून बघितले. बाराक तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. "पडदा कुठे आहे? लावायचाय अजून, लोक बसले सगळे."

"तो काय, समोर उभा आहे."

त्यांनी पाहिलं. त्यांना कळायला एक क्षण लागला आणि मग त्यांचा चेहरा पडद्याच्याच रंगाचा झाला. "तू कापलास? त्यावर बाबांचं नाव होतं!"

"आहे अजून. आतून, बरोबर पाठीवर घेतलंय. बाबा पाठीशी आहेत तिच्या."

"थट्टा करतेस? चर्चची वस्तू आहे ती! काय अधिकार तुला?"

"काहीच नाही. तुम्हालाही नव्हता, पोरीला झाकून ठेवायचा. मी निदान कापडच कापलं."

"काढ तो झगा," त्या थेट मुलीला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ. पडदा नाही तर नाही, तू विंगेत खुर्चीवर बसून बोल. नात पुढे उभी राहील."

मला जे बोलायचं होतं ते तोंडापर्यंत आलं होतं, आणि ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. पण जाऊबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. त्या तिच्याशी बोलत होत्या. मुलगी माझ्याकडे बघेना. ती दाराकडे बघत होती. दारात तिची आई उभी होती. बेकरी तशीच टाकून आली असावी, कोपरापर्यंत हात मैद्याने पांढरे होते. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"नाही काढणार," मुलगी म्हणाली.

तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. बाहेर हॉलमध्ये बाकांवरची कुजबुज एकदम थांबली, इतका तो आवाज पोचला.

जाऊबाई आईकडे वळल्या. "तू समजाव हिला. तुला तर पटलं होतं."

आई आत आली. माझी खात्री होती ती म्हणणार, वाद नको. ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली, सोनेरी कमरपट्ट्याची गाठ सैल होती ती सोडून नीट बांधली, मखमलीवर मैद्याची बोटं उमटली ती मनगटाने झटकली. मग उठली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, जरा बाजूला व्हा. हिला जायचंय."

जाऊबाई झाल्या बाजूला. खरंच झाल्या. त्यांची नात इतका वेळ कोपऱ्यात झग्याचा काठ चावत उभी होती, ती पुढे येऊन म्हणाली, "आजी, मग मी रथ ओढू?" आणि उत्तराची वाट न बघता रथाकडे पळालीसुद्धा. तिला पहिल्यापासून रथच ओढायचा होता. तिला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

नाटकाचं काय सांगू? दबोरा खजुरीखाली जाऊन बसली आणि पहिलं वाक्य बोलली, तेव्हा पुढच्या बाकावर कोणीतरी शेजारणीच्या कानात काहीतरी बोलत होतं. दुसऱ्या वाक्याला ते बोलणं थांबलं. बाराकला ती म्हणाली, ऊठ, आणि हात वर केला, तेव्हा बाराक तर उठलाच, पण तिसऱ्या बाकावरचे एक आजोबाही अर्धवट उठले आणि मग ओशाळून बसले. रथाचं एक चाक निखळलं, एका सैनिकाची दाढी तोंडात गेली, शत्रूचा सेनापती पळताना स्वतःच्याच झग्यात पाय अडकून पडला. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिची आई मागे भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर मैद्याचा हात धरून. मी कशी रडत होते ते सांगत नाही, त्या हॉलमधल्या सगळ्यांनी बघितलंय.

कार्यक्रम संपल्यावर मुलांनी झगे काढून दिले. जाऊबाई पेटीजवळ यादी घेऊन बसल्या होत्या, एकेक झगा आत टाकून खूण करत. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या, आणि हे वाचणाऱ्यांना सांगून ठेवते, अजूनही धड बोलत नाहीत. पाळकांनी मला समितीपुढे बोलावलंय. जाईन. पडद्याची भरपाई मागितली तर शिवून देईन, पण सगळं ऐकवून झाल्यावर देईन.

सगळ्यात शेवटी ती आली. झगा तिने नीट घडी करून आणला होता, लव न मोडता. जाऊबाईंनी तो घेतला. क्षणभर हातात धरला. मग पेटीत सगळ्यांच्या वर ठेवला आणि यादीत नवीन ओळ लिहिली. मी शेजारी उभी होते, मला दिसलं. लिहिलं होतं: 'मोठं माप, एक.'

मुलीनेही वाचलं. तिचा चेहरा मी पाहिला.

मी जाऊबाईंच्या हातातून पेन काढून घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'दबोरा.'

"पेन दे माझं," जाऊबाई म्हणाल्या.

दिलं. त्यांनी यादीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि माझ्या शब्दापुढे खूण केली.